निसर्गातलं सहकार्य: माणसाने त्यातून नेमकं काय उचलायचं?

रानवाट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतेय.

कुठलीही गळेकापू गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची असली की निसर्गाला साक्षीला बोलावतात. माणसं कामावरून काढली, "जंगलाचा कायदाच आहे तो". मोठ्याने छोट्याला गिळलं, "मोठा मासा लहान माशाला खाणारच". बळी तो कान पिळी हा जणू जीवशास्त्राचा सिद्धांत असल्यासारखं बोलतात आणि वर डार्विनचं नाव पुढे करतात. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे मुळात हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाचं, १८६४ मधलं. डार्विनने ते नंतर घेतलं.

क्रोपोत्किन नावाचा रशियन माणूस १८६० च्या दशकात तरुण लष्करी अधिकारी म्हणून सैबेरियात फिरला. डार्विन वाचलेला होता, त्यामुळे एकाच जातीच्या प्राण्यांमधली जीवघेणी स्पर्धा बघायला मिळेल असं त्याला वाटत होतं. दिसलं काय, तर हाडं गोठवणारी थंडी, अवेळी येणारी बर्फाची वादळं आणि त्यात एकमेकांना धरून राहणारे कळप. झगडा होताच, पण तो हवामानाशी होता, शेजाऱ्याशी नव्हे. पुढे १८८८ मध्ये टी. एच. हक्सली या जीवशास्त्रज्ञाने प्राणीजगत म्हणजे ग्लॅडिएटरांचा आखाडा अशा थाटाचा लेख लिहिला, त्याला उत्तर म्हणून क्रोपोत्किनने लेख लिहिले आणि १९०२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं, आपल्याच पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया घ्या. कधीकाळी ते स्वतंत्र जिवाणू होते, त्यांचा डीएनए आजही वेगळा आहे. लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये हे मांडलं तेव्हा फार थोड्यांना पटलं होतं, आज ते पाठ्यपुस्तकात आहे. म्हणजे हे टाइप करताना बोटं हलवायला जी ऊर्जा लागतेय ती दोन जिवांच्या फार जुन्या भागीदारीतून येतेय.

स्पर्धा आहे, ती मी नाकारत नाही. पण सहकार्य तितकंच खरं आहे आणि समाज कसा असावा हे बोलताना आपण एकच बाजू सांगत राहतो याचा मला मनापासून राग येतो. निसर्गातलं सहकार्य आपल्या समाजासाठी नमुना होऊ शकतं का? उदाहरणं असतील तर तीही द्या.

शेवंती

छान धागा गं. वाचतेय.

निशाचर

माझ्या आवडीचा विषय. वटवाघळांबद्दल लिहितो.

अमेरिका खंडातली रक्तपिपासू वटवाघळं रोज रात्री गुरांचं वगैरे रक्त प्यायला बाहेर पडतात. सगळ्यांना रोज मिळतंच असं नाही, आणि दोन-तीन रात्री उपास घडला की वटवाघूळ मरतं. शरीरात साठवण अशी नसतेच. मग उपाशी वटवाघूळ ढोलीत परत आलं की जोडीदारिणीजवळ जातं, तिचं अंग चाटतं, तोंडाला तोंड लावतं आणि ती पोटातलं रक्त वर आणून त्याला पाजते. विल्किन्सनने कोस्टा रिकात हे बघून १९८४ मध्ये छापलं. नुसत्या नातलगांनाच नाही, एकत्र राहणाऱ्या बिननात्याच्या माद्यांनाही पाजतात.

अनोळखी माद्यांना एकत्र ठेवून नंतर जे प्रयोग झाले ते मला जास्त आवडतात. त्या एकदम रक्त पाजत नाहीत. आधी एकमेकींचं अंग साफ करून देतात, त्यात फार काही जात नाही. ते जमलं, दोन्हीकडून होतंय असं दिसलं, की मग पुढे कधीतरी रक्त. विश्वास असा थोडा थोडा टाकत वाढवायचा, माणसांनीही यापेक्षा वेगळं काय करावं?

तिरपागडा

असहमत. म्हणजे माहिती सगळी बरोबर, निष्कर्ष पटत नाही.

निसर्गात शोधायला गेलं की ज्याला जे हवं ते सापडतं. तुम्हाला सहकार्य हवंय, तुम्ही वटवाघूळ आणलंत. मी पॉलिएर्गस मुंग्या आणतो. यांचे जबडे फक्त लढण्यापुरते, स्वतःचं खाणंसुद्धा यांना जमत नाही. दुसऱ्या जातीच्या वारुळावर झुंडीने धाड घालतात, कोष पळवतात आणि त्यातून बाहेर पडलेल्या मुंग्या जन्मभर यांचं घर सांभाळतात, यांना भरवतात. धाड घालताना सहकार्य मात्र एक नंबर असतं.

मीरकॅट घ्या, आफ्रिकेतले मुंगसासारखे प्राणी. सगळे मिळून पिल्लं वाढवतात म्हणून किती कौतुक होतं त्यांचं. त्याच गटातली प्रमुख मादी दुय्यम माद्यांची पिल्लं मारते, त्या गाभण असतील तर गटातून हाकलते. यातलं काय नमुना म्हणून घ्यायचं आणि काय सोडायचं हे कोण ठरवणार? ते जर आपणच ठरवणार असू तर निसर्गाला मध्ये आणायचं कारणच काय? 'जे आहे' त्यावरून 'जे असावं' ते निघत नाही, हे ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४० मध्येच सांगून ठेवलंय. मत्स्यन्यायवाल्यांना हा मुद्दा लागू आहे तसा तुम्हालाही आहे.

चकोर१२

थोडक्यात बॉस सगळीकडे आहेच 😄

गणितवेडी

दोघांचंही बरोबर आहे, आणि प्रश्न इथेच सुटतो असं मला वाटतं. नुसतं "सहकार्य आहे की नाही" असं न विचारता "कधी टिकतं" असं विचारा.

हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये एक साधी अट मांडली. मदतीने समोरच्याला होणारा फायदा गुणिले तुमचं नातं किती जवळचं, हे तुमच्या खर्चापेक्षा जास्त भरलं तर मदत करण्याची वृत्ती पिढ्यानपिढ्या टिकते. नातं नसेल तर? ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये सांगितलं की परत परत भेट होणार असेल आणि मागचं लक्षात राहत असेल तर परतफेडीवर सहकार्य चालतं.

मग अ‍ॅक्सलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने कॉम्प्युटर प्रोग्रॅमांची स्पर्धाच लावली, दोघादोघांनी खेळायचं आणि प्रत्येक फेरीत समोरच्याशी सहकार्य करायचं की त्याला फसवायचं ते ठरवायचं. लोकांनी एकाहून एक हुशार प्रोग्रॅम पाठवले आणि जिंकला कोण तर सगळ्यात छोटा, अनातोल रापोपोर्टचा 'जशास तसे'. पहिल्यांदा सहकार्य करायचं, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करायचं, बस. यातली गंमत अशी की हा प्रोग्रॅम समोरासमोरच्या कुठल्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी. तरी एकूण बेरजेत पहिला आला, कारण तो ज्याच्याशी खेळला त्याचंही बरं झालं आणि याचंही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर मांडून परत परत तपासलं होतं, इतकं ते सुंदर आहे.

पण अट विसरायची नाही, पुन्हा भेट व्हायला हवी. एकदाच गाठ पडणार असेल तर गणित फसवणाऱ्याच्या बाजूने जातं.

शेवंती

मला गणित फार कळत नाही पण जंगलाबद्दल लिहावंसं वाटतं. झाडांची मुळं बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली असतात आणि त्यातून झाडं एकमेकांना अन्न पुरवतात, आईझाड आपल्या रोपांना ओळखून जास्त देतं, आजारी झाड बाकीच्यांना सावध करतं. सुझान सिमार्डने कॅनडात १९९७ मध्ये दाखवलंय. जंगल म्हणजे एक कुटुंब आहे. माणसाने यातून शिकायला हवं, आपण शेजारच्या दारात कोण राहतं हे पण विचारत नाही.

मातीतला

शेवंतीताई, माझं कामच मातीतल्या सूक्ष्मजीवांचं आहे म्हणून लिहितो, राग मानू नका.

१९९७ चा प्रयोग खरा आहे. बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांना कार्बनची दोन वेगवेगळी समस्थानिकं (एकमेकांपासून वेगळी ओळखता येणारी रूपं) दिली आणि एकाचा कार्बन दुसऱ्यात गेलेला सापडला. पण त्यावर पुढे जे मजले चढवले गेले त्यांना पाया कमी आहे. २०२३ मध्ये याच विषयात काम करणाऱ्या तिघांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. जंगलात प्रत्यक्ष असं जाळं किती पसरलंय याचे नकाशे फार थोडे आहेत, कार्बन गेला तर तो बुरशीतूनच गेला की मातीतून हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि मोठी झाडं आपल्या रोपांना ओळखून त्यांना जास्त देतात याला प्रत्यक्ष जंगलातला पुरावा त्यांना मिळाला नाही.

जे पक्कं ठाऊक आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं. कडधान्य वर्गातल्या झाडाची मुळं उपटून बघा, बारीक गाठी दिसतील. नखाने फोडली की काम करणारी गाठ आतून गुलाबी निघते, ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनामुळे. आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. आता एखाद्या जिवाणूने साखर घेतली आणि काम केलंच नाही तर? टोबी कीयर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर नेमकं हेच केलं. काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून घेतला, म्हणजे जिवाणूंना काम करणं शक्यच राहिलं नाही. झाडाने बहुधा त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला, आणि आतल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली.

मुळं आणि बुरशीमध्येही असंच दिसलं, २०११ मध्ये. जी बुरशी जास्त फॉस्फरस देते तिला झाड जास्त कार्बन देतं आणि बुरशीही उदार मुळालाच जास्त देते. भागीदारी दोन्हीकडून तपासली जाते.

शेवंती

राग नाही आला, पण थोडं वाईट वाटलं हे खरं. तरी गुलाबी गाठीचं वाचून बरं वाटलं. उद्या बघते उपटून.

पाणकावळा

मातीतला यांना +१. समुद्रातही हेच चालतं. मी डायव्हिंग करतो. प्रवाळाच्या खडकात एखादी ठरावीक जागा असते आणि तिथे बोटाएवढा निळ्या पट्ट्याचा क्लीनर रास मासा राहतो. मोठे मासे येतात, आपली पाळी येईपर्यंत थांबतात. तोंड वासून, कल्ले फाकवून स्थिर होतात आणि हा पठ्ठ्या सरळ तोंडात शिरून परजीवी टिपतो. ग्रूपरसारख्या मोठ्या माशाने नुसतं तोंड मिटलं तरी याचा खेळ खल्लास, पण मिटत नाही. दिवसाला बाराशेच्या आसपास परजीवी खातो असं मोजलंय.

पण याला खरं आवडतं काय, तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. परजीवी टिपायचे सोडून मध्येच तो थर ओरबाडला की मोठा मासा झटका देतो, ते लांबूनसुद्धा स्वच्छ दिसतं. मग एकतर तो याच्या मागे लागतो नाहीतर निघून जातो. नर-मादी मिळून साफसफाई करत असतील आणि मादीने चावा घेतला तर नर तिच्या मागे लागतो कारण गिऱ्हाईक दोघांचं गेलं. शिवाय बाकीचे मासे बघत असतात, आणि कोणी बघत असलं की हा जास्त सरळ वागतो हे प्रयोगातही दिसलंय.

अजून एक, फारसं न सांगितलं जाणारं. जे मासे लांब फिरतात, ज्यांना दुसरा क्लीनर मिळू शकतो, त्यांना हा आधी घेतो. जे छोटे मासे तिथेच राहतात, ज्यांना दुसरीकडे जाताच येत नाही, त्यांना ताटकळत ठेवतो.

चकोर१२

शेवटचा पॅरा वाचून सगळ्या कस्टमर केअरची आठवण झाली.

अबोली

सगळीकडे शिक्षा, पाळत, दांडके! मधमाश्यांचंही तेच आहे. राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे कामकरी माशीचं दुसऱ्या कामकरणीच्या मुलापेक्षा राणीच्या मुलाशी नातं जवळचं निघतं, आणि म्हणून एखाद्या कामकरणीने अंडी घातली की बाकीच्या ती खाऊन टाकतात. रॅटनिक्स आणि व्हिशर यांनी १९८९ मध्ये दाखवलंय. मग आपण नमुना म्हणून एकमेकांवर पाळत ठेवणारा समाज घ्यायचा का? मला नाही राहायचं तिथे.

आणि माणसात शिक्षेने उलटंही होतं. इस्राएलमधल्या पाळणाघरांचा २००० मध्ये छापलेला अभ्यास आहे, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळपास दुप्पट. आधी बाईंना थांबावं लागतं याची लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. जी गोष्ट आपलेपणावर चाललेली असते तिच्यात दांडका घातला की आपलेपणा जातो.

अण्णा_७

अबोलीताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा, पण शिक्षा शिक्षेत फरक असतो.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने लिहिलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येकजण आपली जास्त गुरं सोडणार आणि कुरणाची वाट लागणार. अनेक वर्षं हे ब्रह्मवाक्य असल्यासारखं चाललं. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी काय केलं, तर अशी कुरणं, जंगलं, पाटपाणी, मासेमारीच्या जागा प्रत्यक्ष जाऊन आणि जुन्या नोंदींतून पाहिल्या. स्वित्झर्लंडमधल्या त्योर्बेल गावात १५१७ चा नियम आहे, हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जेवढी गुरं पोसता येतील तेवढीच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडायची. शेकडो वर्षं ते कुरण टिकलं. २००९ मध्ये बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांना जिथे जिथे टिकाऊ व्यवस्था सापडली तिथे देखरेख होती, शिक्षाही होती. पण नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, देखरेख करणारा त्यांच्यातलाच किंवा त्यांना जबाबदार होता, आणि पहिल्या चुकीला अगदी हलका दंड, पुढे वाढत जाणारा. पाळणाघरात दंड वरून लादला होता. पालकांशी बसून ठरवला असता तर वेगळं झालं असतं का, मला वाटतं झालं असतं.

मी ज्या इमारतीत राहतो तिथे पाण्याच्या वेळांवरून कायम भांडणं. समितीने नोटिसा लावल्या, काही फरक नाही. मग प्रत्येक मजल्याने आपल्यातला एक माणूस आळीपाळीने व्हॉल्व्ह सांभाळायला द्यायचा असं ठरलं. ज्याने स्वतः व्हॉल्व्ह फिरवलाय तो दुसऱ्याच्या पाळीत मोटर लावत नाही.

तिरपागडा

अण्णा, हे उदाहरण मला पूर्ण मान्य. पण बघा, यात निसर्ग कुठे आला? माणसांनी बसून ठरवलं.

आणि सहकार्य म्हणजे चांगलंच हे गृहीत धरू नका. काही कंपन्या मिळून भाव ठरवतात तेव्हा तेही सहकार्यच, अळीमिळी गुपचिळी. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलातल्या चिंपांझींनी १९७४ ते १९७८ या काळात शेजारच्या गटातले नर एकेक गाठून मारले ते एकट्यादुकट्याने नव्हे, टोळीने.

कोडवाला

फुकट्यांबद्दल एक वेगळा अनुभव. मी मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो. वापरणारे प्रचंड आणि हात लावणारे मोजके, पण कोणी फुकट डाउनलोड केलं म्हणून माझं काही कमी होत नाही. कुरणातलं गवत गाईने खाल्लं की संपतं, कोड संपत नाही. त्यामुळे फुकट्यांना पकडायची गरजच नाही. संपतो तो सांभाळणाऱ्याचा वेळ. "अजून का नाही केलं" अशा तक्रारी वाचून वाचून चांगली माणसं सोडून गेलेली पाहिली आहेत. तेव्हा आधी बघायचं की नक्की काय संपतंय, आणि राखण त्याचीच करायची.

गणितवेडी

कोडवाला, हे भारी मांडलंत.

निशाचर

थोडं अवांतर. आफ्रिकन रानकुत्रे शिकारीला निघायचं की नाही हे शिंकून ठरवतात असं २०१७ मध्ये बोट्स्वानातल्या निरीक्षणातून पुढे आलं. सगळे जमतात आणि जितक्या जास्त शिंका तितकी निघायची शक्यता जास्त. प्रमुख जोडीने सुरुवात केली तर तीनेक शिंका पुरतात, खालच्या कोणी केली तर दहाएक लागतात.

चकोर१२

सर्दी झालेल्याला व्हेटो.

निशाचर

😄 त्यावर अजून संशोधन व्हायचंय.

वाटसरू

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले. केनियातलं एक उदाहरण राहून गेलंय असं वाटतं.

तिथल्या काटेरी बाभळींच्या फुगीर काट्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना घर आणि मधुरस देतं, मुंग्या हत्ती-जिराफांना चावून पळवतात. काही जागी १९९५ पासून कुंपण घालून मोठे प्राणी बाहेर ठेवले होते. वाटेल की झाडं जोमाने वाढली असतील. २००८ मध्ये जे छापून आलं ते उलटं. खाणारंच कोणी नाही म्हटल्यावर झाडांनी मधुरस आणि फुगीर काटे कमी केले, त्या राखणदार मुंग्या मागे पडल्या, त्यांची जागा दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी घेतली, ज्यांना खोड पोखरणारे भुंगे चालतात. झाडांची वाढ मंदावली आणि ती जास्त मरायला लागली.

म्हणजे सहकार्य हा कोणाचा स्वभाव नसतो, त्यामागचं कारण गेलं की तेही जातं. उलट बाजूही आहे. प्वेर्तो रिकोजवळच्या एका बेटावर माकडं आहेत, २०१७ च्या मारिया वादळाने तिथली बरीचशी झाडी गेली, सावली दुर्मिळ झाली. सावलीसाठी मारामाऱ्या वाढतील असं कोणालाही वाटेल, पण माकडं एकमेकांना जास्त सहन करायला लागली, आणि ज्यांनी सावलीत दुसऱ्यांना बसू दिलं ती जगण्याची शक्यता जास्त निघाली.

रानवाट

बापरे, केवढं काय काय आलंय. सगळ्यांचे आभार. वाटसरूंची माकडं म्हणजे क्रोपोत्किनचं सैबेरियाच की, फक्त उन्हातलं.

तिरपागडा, तुमच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. निसर्ग सांगतो म्हणून करा, असं माझं म्हणणं नाहीच. पण तुम्ही निसर्गाला पूर्ण बाहेर काढा म्हणता ते मला पटत नाही. गणितवेडीने लिहिलेली पुन्हा भेट, मातीतला यांची तपासणी, पाणकावळ्यांचं निघून जाण्याचं स्वातंत्र्य, अण्णांचा हलका दंड, या गोष्टी मासा, मूळ, माणूस सगळीकडे पुन्हा पुन्हा सापडत असतील तर आपल्या संस्था उभ्या करताना त्या तपासून बघायला काय हरकत आहे? जिथे माणूस परत कोणाला भेटतच नाही, चूक झाली तर कोणाला कळतच नाही आणि नको असेल तर सोडूनही जाता येत नाही, अशी व्यवस्था बांधायची आणि मग "माणूस मुळातच स्वार्थी" म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

अबोली

रानवाट, इतकं सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट उरते. पाणकावळ्यांच्या त्या ताटकळणाऱ्या छोट्या माशांचं काय? ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही, ज्याला परतफेड करता येत नाही, त्याचं या हिशोबात काय होतं?

आफ्रिकेतल्या माटाबेले मुंग्या वाळवीवर धाड घालतात आणि जखमी साथीदारांना उचलून वारुळात आणतात, त्यांच्या जखमा चाटतात. जखमींवर उपचार झाले नाहीत तर चोवीस तासांत ८० टक्के मरतात, झाले तर १० टक्केच. वाचताना माझे डोळे भरून आले होते. पण जिचे बरेचसे पाय तुटलेत तिला उचलत नाहीत, तिथेच सोडतात. मुंग्यांना मी दोष देत नाही. माणसांनी मात्र तिथे थांबू नये.

आणि आपण थांबलेलो नाही. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ मध्ये एका निअँडरथल (माणसाची नामशेष झालेली भाऊबंद जात) पुरुषाचा सांगाडा सापडला. उजवा हात निकामी, डाव्या डोळ्याजवळ जबर मार, बहुतेक त्या डोळ्याने दिसत नसावं, चालणं लंगडं, ऐकूही कमी येत असावं. या जखमा भरून आलेल्या आहेत, म्हणजे त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. कोणाच्या सोबतीशिवाय?

तिरपागडा

हाडांवरून इतरांच्या मनातलं काढणं जोखमीचं, पण हे उदाहरण मला आवडलं. रानवाट, तुमची 'तपासून बघा' ही भाषा मला चालेल. कशावर टिकतं हे निसर्गाकडून शिकू, कोणासाठी टिकवायचं हे आपलं आपण ठरवू. हनीगाइड पक्ष्याचं सांगतो. मोझांबिकमधले याओ लोक एक ठरावीक हाक घालतात, ती ऐकून हा रानपक्षी त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. माणसाला मध, त्याला मेण. २०१६ च्या अभ्यासात ती हाक घातली तर पोळं सापडण्याची शक्यता १७ वरून ५४ टक्क्यांवर गेली. इतका चांगला भागीदार, पण हाच पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो आणि याचं पिल्लू डोळे उघडायच्या आत चोचीच्या आकड्याने यजमानाची पिल्लं मारतं. दोन्ही एकाच पक्ष्याचं.

लाजाळू

पहिल्यांदाच लिहितेय. मातीतला यांना एक विचारायचं होतं, त्या गाठींचं. जमिनीत आधीच भरपूर नायट्रोजन असेल, म्हणजे खत भरपूर घातलं, तर झाड आणि जिवाणूंची भागीदारी राहते का?

मातीतला

लाजाळू, चांगला प्रश्न. नायट्रोजन आयता मिळाला की झाड गाठीच कमी करतं, जिवाणूंना साखर द्यायचं त्याला कारण उरत नाही. हे एका हंगामातलं झालं. अमेरिकेत एका ठिकाणी २२ वर्षं नायट्रोजन खत दिलेल्या जमिनीतले जिवाणू काढून तपासले होते, २०१५ मध्ये छापून आलंय. खत न दिलेल्या शेजारच्या जमिनीतल्या जिवाणूंपेक्षा ते झाडाला कमी फायदा करून देत होते. ते वाणच तसं झालं होतं. अशा जमिनीत खत बंद केलं तर जुनी भागीदारी किती वर्षांत परत येते, हे मलाही जाणून घ्यायचंय.

अण्णा_७

मातीतला, यावर वेगळा धागा काढा. पैसे टाकले की सगळं दारात येतं तेव्हा शेजारी कशाला लागतो, हा प्रश्न मला तुमच्या प्रतिसादात दिसतोय आणि त्यावर मला बरंच लिहायचंय.